हलकी शिडाची होडी: आधी वजनकाटा, मग करवत

मुंबईत लाकडी जहाज म्हटलं की सागवान आठवतं, आणि ते बरोबरच आहे. वाडियांनी इथल्या गोदीत बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरली. मलबारच्या सागाची ही युद्धनौका इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही तरंगते आहे. पण ते लाकूड तोफा पेलण्यासाठी निवडलं होतं. दोन-तीन माणसांनी मांडवा, रेवदंडा, मुरूडपर्यंत जायचं, रात्री आत झोपायचं, आणि वारा मंद असला तरी शिडावरच परतायचं, असं गलबत हवं असेल तर हिशोब वेगळा मांडावा लागतो.

६.८ मीटर लांबीची होडी घेऊ. तळ आणि दोन्ही बाजू मिळून साधारण २५ चौरस मीटर होतात. २२ मिलिमीटरच्या सागवानी फळ्या मारल्या तर नुसत्या फळ्यांचंच वजन पावणेचारशे किलोच्या आसपास जातं. आतल्या वाकांचं, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणाऱ्या बरगड्यांचं, वजन यात धरलेलं नाही. तेच काम तळाला ९ आणि बाजूंना ६ मिलिमीटरच्या हलक्या मरीन प्लायनं केलं तर नव्वद किलोत भागतं. हा पावणेतीनशे किलोंचा फरक म्हणजे संपूर्ण कीलचं, तळाखालच्या वजनदार कण्याचं, शिसं. म्हणून या प्रकारच्या होडीत पहिलं हत्यार वजनकाटा. करवत नंतर.

६.८ मीटर हा आकडाही उगाच निवडलेला नाही. प्लायची शीट ८ बाय ४ फुटांची, म्हणजे २४४० × १२२० मिलिमीटर. तीन शीट टोकाला टोक तिरपी जोडली, आणि ९ मिलिमीटर प्लायला प्रत्येक सांध्यात ७२ मिलिमीटर गेले, की हाती ७१७६ मिलिमीटर लांब पट्टा उरतो. बाजूची फळी वळणामुळे होडीपेक्षा वीस-तीस सेंटिमीटर लांब भरते. त्यामुळे ६.८ मीटरची होडी तीन शीटमध्ये बसते, ७.२ मीटरची बसत नाही. चौथी शीट घ्यायची तर एक सांधा वाढतो, वजन वाढतं आणि बरीचशी शीट वाया जाते. रुंदी २.४५ मीटर ठेवायची, कारण रस्त्यावर वाहनाची रुंदी २.६ मीटरच्या आत असावी लागते आणि पावसाळ्यात होडी ट्रेलरवरून घरी आणायचीच आहे.

खोलीचा निर्णय मुंबईची खाडी करते. उधाणाला इथे भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरच्या घरात जातो, आणि शिवडीपासून ठाण्याच्या खाडीपर्यंत ओहोटीला मैलभर चिखल उघडा पडतो. दीड मीटर खोल कायमची कील असलेली होडी अशा जागी कुशीवर आडवी होते. म्हणून बुटकी कील, एकूण खोली ६५ सेंटिमीटर, आणि तिच्यातून खाली सरकणारा सेंटरबोर्ड, म्हणजे आतल्या पेटीत वर उचलता येणारी फळी. बोर्ड उतरवला की १.३५ मीटर. फळी खिळीवर मागे फिरणारी असावी. सरळ वर-खाली होणारी फळी वाळूवर आदळली की पेटीच फोडते, फिरणारी आपोआप वर उचलली जाते. पेटीत दोन्ही बाजूंना निदान ६ मिलिमीटर मोकळीक ठेवा. कमी ठेवली तर खाडीचा गाळ सुकून फळी अशी घट्ट बसते की उतरत नाही. पेटीच्या वरच्या झाकणाला बोटभर भोक ठेवलं तर वरून काठी घालून ती ढकलता येते.

आता वजनाचा ताळेबंद, पूर्ण भरलेल्या होडीचा. प्लाय २००, स्ट्रिंगर (प्लायला आतून ताठ ठेवणाऱ्या लांब लाकडी पट्ट्या) आणि इतर लाकडी सळ्या ८५, इपॉक्सी (हार्डनर मिसळून सुकणारी राळ), काचकापड आणि रंग ९५, शिसं २८०, सेंटरबोर्ड आणि सुकाणू ४५, डोलकाठी-शिडं-तारा-फिटिंग ९०, छोटं आउटबोर्ड इंजिन पेट्रोलसह ४०, नांगर आणि साखळी ३५, पिण्याचं पाणी ४०, बॅटरी आणि सोलर पॅनेल ३०, दोन माणसं १५०, अन्न-सामान ६०. बेरीज ११५० किलो. पाण्याच्या रेषेवर लांबी ६.३ मीटर धरली तर वजन आणि लांबी यांचं नेहमीचं गुणोत्तर १२८ येतं. साध्या क्रूझिंग होडीत ते अडीचशे-तीनशे असतं. २१ चौरस मीटर शिडाला वजनाच्या मानानं गुणोत्तर साडेएकोणीसच्या आसपास, म्हणजे सकाळच्या मंद मतलई वाऱ्यातही होडी हलते. पाण्याच्या रेषेवरचं क्षेत्रफळ पावणेनऊ चौरस मीटर आहे, म्हणून दर ९० किलोला होडी एक सेंटिमीटर खाली जाते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवा. प्रत्येक खरेदीच्या वेळी तो डोळ्यांसमोर हवा.

शिसं पूर्ण वजनाच्या २४ टक्के आहे. माणसं, पाणी, सामान उतरवल्यावर ३१ टक्के. हे काठावरचं आहे आणि होडीची बरीचशी स्थिरता रुंदीतून येते. त्यामुळे नव्वद अंशांपलीकडे कलल्यावर ती सावरते का, हे आराखडा करणाऱ्याकडून आकड्यांत मागून घ्या. किती अंशांपर्यंत सावरते तो कोन १२० किंवा अधिक असेल तर उत्तम. ११०च्या खाली असेल तर ती खाडीपुरती होडी समजावी.

प्लायची निवड ही या कामातली सर्वांत महत्त्वाची खरेदी, आणि इथेच बहुतेक हलक्या होड्या जड होतात. आपल्या दुकानात ‘मरीन’ म्हणून मिळतो तो आयएस ७१० मानकाचा प्लाय. त्याचा गोंद उत्तम असतो, ७२ तास उकळूनही थर सुटता कामा नयेत अशी त्याची चाचणी आहे. पण ते मानक वजनाचं आश्वासन देत नाही. तो बहुधा गर्जनसारख्या जड लाकडाचा असतो, घनमीटरला साडेसातशे किलोच्या आसपास. ओकुमे लाकडाचा, बीएस १०८८ मानकाचा आयात प्लाय पावणेपाचशे-पाचशेत येतो. ६ मिलिमीटरची एक शीट पहिल्या जातीत १३ किलोच्या वर, दुसऱ्या जातीत साडेआठ-नऊ. आपल्या होडीत ९ मिलिमीटरचा १९ चौरस मीटर आणि ६ मिलिमीटरचा ४१ चौरस मीटर प्लाय लागतो. कापाकापीचा तोटा धरून अनुक्रमे ९ आणि १८ शीट घ्या. सगळा गर्जन वापरला तर ११३ किलो वाढतात, पूर्ण होडीच्या दहा टक्के. होडी सव्वा सेंटिमीटर खाली बसेल, यात फारसं बिघडत नाही. बिघडतं ते डेक आणि केबिनच्या छपरामुळे. तिथलं प्रत्येक किलो उंचावर असतं आणि होडीला कलवतं.

बजेट तोकडं असेल तर माझं मत सरळ आहे. तळ गर्जनचा करा, डेक, केबिन आणि आतलं फर्निचर ओकुमेचं. तळात वजन खाली असतं आणि गर्जनचा टणकपणा खडकाळ किनाऱ्यावर कामाला येतो. मात्र नाळेजवळ, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाशी, तळाला जो पीळ पडतो तो ९ मिलिमीटर गर्जन सहज घेत नाही. तिथे दोन पातळ थर एकावर एक चिकटवून तेवढीच जाडी करा, किंवा शीटवर गरम पाण्यात भिजवलेली फडकी टाकून हळूहळू वाकवा. वाकवल्यावर चार-पाच दिवस पूर्ण सुकू द्या. ओल्या प्लायवर इपॉक्सी लावलं की महिन्याभरात पापुद्रे सुटतात.

शीट घेताना शिक्का वाचून थांबू नका. एक शीट काट्यावर ठेवा. कोपऱ्यातून दहा सेंटिमीटरचा तुकडा मागून घ्या, तासन्‌तास उकळा, मग उन्हात वाळवा, असं दोन-तीनदा. थर उघडले तर ती थप्पी सोडा. कापलेली कड भिंगातून पाहा. आतल्या थरात पोकळी दिसली तर तिथे पाणी साठेल आणि वळवताना प्लाय नेमका तिथेच मोडेल. वरचा पापुद्रा कागदासारखा पातळ असेल तर एकदा पॉलिश पेपर फिरवताच खालचा थर दिसू लागतो. तोही प्लाय नको.

सळ्यांसाठी रे रोडच्या लाकूडबाजारात डग्लस फर शोधा. गाठी नसलेला, सरळ रेषांचा. सागाला माझा विरोध नाही, पण तो जड आहे आणि तेलकट. चिकटवण्यापूर्वी ताजा रंधा मारून अ‍ॅसिटोननं पुसला नाही तर सांधा वर्षभरात सुटतो. बाहेरची घासपट्टी, सुकाणूचा दांडा, केबिनच्या कडा, जिथे मार बसतो तिथे साग शोभतो आणि टिकतोही.

पातळ प्लाय ताठ कशानं राहतो, हे समजून घेतलं तर आराखडा नीट वाचता येतो. जाडी दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, पण वजनही दुप्पट. त्याऐवजी २० × ४५ मिलिमीटरचे स्ट्रिंगर उभ्या कडेवर, २० ते २५ सेंटिमीटर अंतरानं लावले की आधारांमधला मोकळा तुकडा लहान होतो आणि पातळ प्लायही तोच भार झेलतो. बल्कहेड, म्हणजे होडीतले आडवे पडदे, १ ते १.२ मीटर अंतरावर. पलंग, ओटा, कपाट हे सगळं फर्निचर हलाला, म्हणजे होडीच्या कवचाला, दोन्ही बाजूंनी चिकटवलेलं असावं. हलक्या होडीत शोभेचं काही नसतं, पलंगाची कडही तळाला धरून ठेवते.

बांधणीची सुरुवात सपाट चौकटीपासून. दोन लांब तुळया, त्यांवर बल्कहेड उलटे उभे करायचे, होडीचा तळ आकाशाकडे. लेव्हलसाठी लेझर नसेल तर गवंड्याची पाण्याची नळी पुरते. चौकटीत टोकापासून टोकापर्यंत ३ मिलिमीटरपेक्षा जास्त पीळ राहू देऊ नका. तो पीळ होडीत कायमचा उतरतो आणि ती एका अंगाला नीट चालते, दुसऱ्या अंगाला नाही. स्ट्रिंगर बसवल्यावर नाळेकडून डोळा लावून पाहा. रेषेत कुबड दिसलं तर तिथेच रंध्यानं काढा. प्लाय चढल्यावर ते लपत नाही, रंग चढल्यावर तर ठळक दिसतं.

स्कार्फ, म्हणजे तिरप्या, सांध्याचं गणित एकास आठ. ६ मिलिमीटरला ४८, ९ मिलिमीटरला ७२ मिलिमीटर. शीट पायऱ्यांसारख्या मागे सरकवून एकावर एक रचा आणि सगळ्यांवर एकदमच रंधा मारा. प्लायचे थर रंगीत पट्ट्यांसारखे उघडे पडतात. पट्ट्या सरळ आणि सारख्या रुंदीच्या दिसल्या तर उतार बरोबर. पट्टी वाकडी झाली की रंधा कुठे जास्त चालला ते कळतं. चिकटवताना आधी दोन्ही बाजूंना पातळ इपॉक्सी, वीस मिनिटं थांबून मग घट्ट केलेलं. लाकडाची उघडी टोकं पहिलं इपॉक्सी पिऊन टाकतात, आणि ते पिणं चालू असतानाच सांधा आवळला तर आत काहीच उरत नाही. शिकंजे जोरात आवळणं हीच इथली मोठी चूक. इपॉक्सीला दाब नको, फक्त स्पर्श हवा.

प्लायच्या कडा आधी तारेनं शिवून जोडायच्या. शिवण तांब्याच्या दीड मिलिमीटर तारेची, दर पंधरा सेंटिमीटरला टाका, नाळेजवळ आठ-दहालाच. चाईनला, म्हणजे तळ आणि बाजू कोनात मिळतात त्या कडेला, आतून फिलेट, म्हणजे कोपऱ्यातली गोलसर भरणी, भरायचं. लाकडाची बारीक पूड दोन भाग, फ्यूम्ड सिलिका (इपॉक्सी घट्ट करणारी हलकी पूड) एक भाग, आणि इपॉक्सीत इतकं घोटायचं की पळी उलटी केली तर चक्क्यासारखं धरून राहील. श्रीखंडासारखं सैल झालं तर उभ्या कडेवरून ओघळतं. २५ मिलिमीटर त्रिज्येची गोल पट्टी फिरवा, आणि फिलेट नुसतं घट्ट होत असतानाच त्यावर तिरप्या विणीच्या काचेच्या पट्टीचे दोन थर द्या, १०० आणि १५० मिलिमीटर रुंद. पूर्ण सुकण्याची वाट पाहिली तर आत ओणवं बसून दोन-दोन दिवस घासावं लागतं. बाहेरून सगळ्या हलावर आणि डेकवर २०० ग्रॅमचं विणलेलं काचकापड. कापड, राळ आणि वीण भरणारे हात मिळून चौरस मीटरला ७०० ग्रॅमच्या आत ठेवा. प्लास्टिकच्या पट्टीनं जास्तीची राळ ओढून काढायची. कापड चकाकत असेल तर राळ जास्त आहे, मंद पारदर्शक दिसलं की पुरे.

आणि इथे मुंबईची हवा मध्ये येते. इपॉक्सीच्या डब्यावरची वेळ साधारण २५ अंशांची असते. दहा अंश वाढले की हातातली वेळ जवळजवळ निम्मी होते. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी अर्धा किलो एका मगात कालवलं तर ते मगातच उकळून धूर सोडतं. एका वेळी दोन-अडीचशे ग्रॅम, वजनकाट्यावर मोजून, आणि लगेच पसरट ट्रेमध्ये ओतायचं. मंद हार्डनर घ्या. अंदाजे मिसळलेलं प्रमाण नंतर दुरुस्त होत नाही. हार्डनर जास्त घातल्यानं लवकर सुकत नाही, उलट कायमचं मऊ राहतं.

दमट हवेत सुकलेल्या इपॉक्सीवर मेणासारखा बुळबुळीत थर येतो. तो थिनरनं जात नाही. साध्या पाण्यानं आणि घासणीनं धुवायचा, कोरडं करायचं, मगच पॉलिश पेपर. आधीच घासलं तर तोच थर आत दाबला जातो आणि रंग वर्षभरात सोलतो. उघड्या लाकडावर पहिला हात संध्याकाळी द्या. सकाळी दिला तर ऊन चढताना लाकडातली हवा फुगते आणि इपॉक्सीत शेकडो बुडबुडे उठतात. संध्याकाळी लाकूड थंड होत असतं, ते इपॉक्सी आत ओढून घेतं. लाकडातली ओल मीटरनं मोजा, १२ टक्क्यांच्या आसपास हवी. पावसाळ्यात मुंबईत उघडं पडलेलं लाकूड तिथवर येतच नाही. त्यामुळे आराखडा आणि खरेदी पावसात, कापणी आणि स्कार्फ ऑक्टोबरात, इपॉक्सीचं सगळं मोठं काम नोव्हेंबर ते फेब्रुवारी. एका मोसमात होडी पूर्ण होईल असा हट्ट नको. होडी सुलटी करून डेक बंद झाला तरी पहिलं वर्ष चांगलं गेलं.

नायट्राइल हातमोजे नेहमी. इपॉक्सीची अ‍ॅलर्जी एकदा जडली की जन्मभर राहते. आणि माशांच्या होड्यांवर मारतात ती पॉलिएस्टर राळ इथे वापरू नका. ती लाकडाला नीट धरत नाही, कापडाखाली पाणी शिरतं आणि आतलं लाकूड दिसेनासं कुजतं.

शिसं दोन पट्ट्यांत ओता, प्रत्येकी १६५ × १० × ७.५ सेंटिमीटर. मधून सेंटरबोर्ड जातो. ओतकाम उघड्यावर, साचा पूर्ण कोरडा. साच्यात पाण्याचा थेंब असला तर वितळलेलं शिसं अंगावर उडतं. बोल्टसाठी स्टेनलेस ३१६ सगळे सुचवतात, पण ओल्या लाकडात हवा न मिळता राहिलेलं स्टेनलेस आतल्या आत खड्डे पडून तुटतं. ब्राँझ मिळालं तर ब्राँझ. नाही मिळालं तर स्टेनलेस घ्या, पण दर दोन-तीन वर्षांनी एक बोल्ट काढून पाहता येईल अशी रचना ठेवा. बोल्टची सगळी भोकं आधी मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीनं भरायची, मग योग्य मापानं पुन्हा पाडायची. डेकवरच्या लहानशा क्लीटच्या (दोरी अडकवायच्या खुंटीच्या) स्क्रूलाही हाच नियम.

डोलकाठी पोकळ करा. आठ पट्ट्या, प्रत्येकीच्या एका कडेला व्ही खाच, गोल रचून चिकटवायच्या. १०० मिलिमीटर व्यासाला पट्टी ४० मिलिमीटर रुंद आणि २० जाड. साडेआठ मीटरची भरीव काठी ३३ किलो होते, पोकळ २१. हे १२ किलो होडीच्या गुरुत्वमध्यापेक्षा सरासरी साडेचार मीटर उंचावर असतात. तळाशी ६० सेंटिमीटर खाली असलेल्या शिशाच्या हिशोबात ते ९० किलोंच्या बरोबरीचे. जिथे तारा आणि फिटिंग येतात तिथे आत भरीव तुकडा बसवायचा, आणि त्याच्या टोकांना व्ही आकाराची खाच काढायची, नाहीतर काठी नेमकी भरीव-पोकळ सीमेवर मोडते. पायाशी बिजागरी ठेवा, वाशीच्या पुलांखालून जाताना काठी आडवी करावी लागते.

रंग पांढरा किंवा अगदी फिका. घरच्या तापमानाला सुकलेलं इपॉक्सी ५०-६० अंशांना मऊ पडू लागतं, आणि गडद डेक मुंबईच्या मे महिन्यात त्याच्या वर सहज जातो. ऊन इपॉक्सीला खातंही, त्यामुळे उघडं इपॉक्सी कुठेच ठेवायचं नाही. दोन भागांचा पॉलियुरेथेन रंग, निदान तीन हात.

लाकूड कुजवतं ते पावसाचं गोडं पाणी. खारं पाणी तितकं नाही. म्हणून प्रत्येक कप्प्यातून पाणी तळाच्या सर्वांत खोल जागी पोचेल अशी २५ मिलिमीटरची भोकं ठेवा, त्यांच्या कडा तीन हात इपॉक्सीनं बंद करा. बंद कपाटांना वर आणि खाली हवेची वाट हवी. जूनपूर्वी होडी ट्रेलरवर काढली की तळाचा बूच काढून ठेवायचा, नाळ थोडी उंच करायची, आणि ताडपत्री अशी बांधायची की खालून वारा खेळेल. घट्ट गुंडाळलेली होडी सप्टेंबरात उघडली की आत बुरशीचा थर असतो.

पाण्यात उतरवायला अमावस्या किंवा पौर्णिमेच्या आसपासचा दिवस घ्या. मुंबईत उधाणाची भरती दुपारी बारा-एकच्या सुमारास येते, म्हणजे सकाळभर तयारीला मिळते. होडी तरंगली की कोणी आत चढण्यापूर्वी नाळेपाशी, मागे, आणि मध्यावर दोन्ही बाजूंना डेकच्या कडेपासून पाण्यापर्यंत पट्टीनं मोजा आणि आराखड्यातल्या मापांशी ताडा. मागे दोन सेंटिमीटर जास्त बुडाली असेल तर बॅटरी आणि पाण्याची टाकी डोलकाठीच्या पायाकडे सरकवा. एका अंगाला कलली असेल तर नांगराची साखळी दुसऱ्या बाजूला. चारही बाजूंनी सारखी खाली असेल तर जास्तीचे सेंटिमीटर गुणिले ९० किलो, आणि ते कुठून आले याची यादी काढायला बसा.